अवघड जागेचे दुखणे : ओटीपोटाच्या तळातील वेदना आणि तिचे उपचार

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर’ ही म्हण महाराष्ट्रात सर्वत्र हसत हसत सांगितली जाते. ज्याला खरोखरच अशा जागी दुखणे जडले आहे, त्याला मात्र तिच्यात हसण्यासारखे काही आढळत नाही. ओटीपोटाचा तळ, जननेंद्रिये, गुदद्वार आणि माकडहाड यांच्या परिसरात महिनोन् महिने आग होणे, टोचणे, ठणकणे, खुर्चीवर बसताच निखाऱ्यावर बसल्यासारखे वाटणे आणि उभे राहताच काहीसा आराम पडणे, अशा तक्रारी घेऊन जगणारे स्त्री-पुरुष आपल्या समाजात आहेत. दिवसभर मेजाशी बसणारा लिपिक, ट्रॅक्टर किंवा एसटी चालविणारा चालक, बाळंतपणानंतर प्रकृती पूर्ववत न झालेली माता, यांपैकी कोणीही त्यांत असू शकते. त्यांच्या रक्ताच्या, लघवीच्या आणि सोनोग्राफीच्या तपासण्या अनेकदा निर्दोष येतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेले नाही’ हे शब्द ऐकून ते घरी परततात आणि दुखणे जेथल्या तेथे राहते.

अशा रुग्णांना झालेले असते ते बहुधा स्नायूंचे आणि मज्जातंतूचे दुखणे. सर्वसाधारण तपासण्यांत ते दिसत नाही. परंतु जाणकार वैद्याच्या हाताला ते सापडते आणि योग्य उपचारांनी पुष्कळ रुग्णांचे दुखणे लक्षणीय प्रमाणात कमी होते. प्रश्न आहे तो संकोचामुळे आणि चुकीच्या वाटांमुळे वाया जाणाऱ्या वर्षांचा. गावात किंवा कार्यालयात ज्यांच्या शब्दाला वजन आहे, अशा शिक्षक, पंचायत सदस्य आणि अधिकारी यांना या दुखण्याची ओळख असेल, तर ही वर्षे वाचविता येतील.

वेदनेचे स्थान

कमरेची हाडे मिळून एक पसरट वाडगा तयार होतो. शरीरशास्त्रात त्याला श्रोणी म्हणतात. या वाडग्याला हाडाचा तळ नाही. पुढच्या बाजूच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले स्नायूच त्याचा तळ होत. मूत्राशय, गुदाशय आणि स्त्रियांमध्ये गर्भाशय यांना हे स्नायू खालून आधार देतात. लघवी व शौच रोखून धरताना ते आवळतात आणि विसर्जनाच्या वेळी सैल होतात. मूठ मिटावी आणि उघडावी, तसे हे काम दिवसभर नकळत चालू असते.

या भागाची संवेदना मुख्यतः प्युडेंडल नावाच्या मज्जातंतूमार्फत मेंदूकडे जाते. शरीराच्या उजव्या व डाव्या बाजूला असा एकेक मज्जातंतू असतो. कण्याच्या शेवटी असलेल्या त्रिकास्थीतील दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या मुळांपासून तो निघतो, कुल्ल्यात उतरतो, दोन बळकट अस्थिबंधांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून वळतो आणि एका अरुंद नळीतून पुढे जातो. आयर्लंडचे शरीरशास्त्रज्ञ बेंजामिन अल्कॉक यांनी १८३६ मध्ये या नळीचे वर्णन केले, म्हणून तिला अल्कॉकची नळी म्हणतात. पुढे या मज्जातंतूच्या तीन शाखा होतात. एक गुदद्वाराकडे, दुसरी जननेंद्रिय व गुदद्वार यांच्यामधील भागाकडे आणि तिसरी पुरुषाच्या शिश्नाकडे किंवा स्त्रीच्या भगशिश्निकेकडे जाते.

अल्कॉकची नळी ही श्रोणीच्या बाजूच्या भिंतीवरील एका स्नायूच्या आवरणातच घडलेली असते. तो स्नायू दीर्घकाळ आखडून राहिला, तर त्याच्या आवरणातून जाणाऱ्या मज्जातंतूला त्रास होऊ शकतो. मज्जातंतू चिडला की भोवतालचे स्नायू अधिकच आखडतात. स्नायूची वेदना आणि मज्जातंतूची वेदना पुष्कळदा एकाच रुग्णात एकत्र आढळतात, त्याचे कारण या रचनेत आहे.

वेदना टिकून का राहते

या दुखण्याची सुरुवात निरनिराळ्या कारणांनी होते. कठीण बाळंतपणात मज्जातंतू ताणला जातो. कुल्ल्यांवर आपटून पडणे, सायकलीच्या अरुंद बैठकीवर लांबचा प्रवास करणे, जुनाट बद्धकोष्ठामुळे शौचाला सतत कुंथणे, श्रोणीच्या भागातील शस्त्रक्रिया, मूत्रमार्गाचा पूर्वी होऊन गेलेला जंतुसंसर्ग, ही आणखी काही कारणे होत. कित्येकदा निश्चित असे एक कारण सापडतही नाही.

मूळ कारण दूर झाल्यावरही वेदना का राहते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. बोटाला ठेच लागली की माणूस पाय आक्रसून चालतो. त्याच रीतीने ओटीपोटात दुखू लागले की तेथील स्नायू संरक्षणासाठी आवळतात. पायाचे आक्रसणे माणसाच्या ध्यानात येते, श्रोणीच्या तळाचे येत नाही. आवळलेल्या स्नायूंचा रक्तपुरवठा मंदावतो, त्यांच्यात दुखऱ्या गाठीसारख्या जागा निर्माण होतात, आणि त्या दुखतात म्हणून स्नायू पुन्हा आवळतात. हे चक्र महिनोन् महिने चालले की कणा आणि मेंदू यांतील वेदनेची यंत्रणाच तीव्र होते. मग साध्या स्पर्शाचा, आतल्या कपड्याच्या काठाचा किंवा भरलेल्या मूत्राशयाचाही त्रास वाटू लागतो. काळजी व झोपमोड यांमुळे या यंत्रणेला खतपाणी मिळते. याचा अर्थ वेदना मनाची कल्पना आहे, असा नव्हे. मन आणि मज्जासंस्था ही एकाच देहात नांदतात, एवढाच त्याचा अर्थ होय.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये केलेली वेदनेची व्याख्या २०२० मध्ये सुधारली. तिच्यासोबतच्या टिपणीत, आपल्याला वेदना होते असे एखाद्याने सांगितले तर त्या सांगण्याचा आदर व्हावा, असे तत्त्व नमूद केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. जुनाट वेदना हे दुसऱ्या रोगाचे केवळ लक्षण नसून तीच कित्येकदा उपचार करण्याजोगी व्याधी असते, ही दृष्टी आता मान्य झाली आहे.

ओळखण्याच्या खुणा

लोकांच्या तोंडी या दुखण्याची वर्णने ठरावीक असतात : ‘खाली आग होते’, ‘काहीतरी अडकून बसल्यासारखे वाटते’, ‘लघवी झाली तरी झाल्यासारखी वाटत नाही’. शौचानंतर तासन् तास ठणका लागणे, शरीरसंबंधाच्या वेळी किंवा नंतर वेदना होणे, लघवीची धार सुरू होण्यास वेळ लागणे, हीही स्नायू आखडल्याची लक्षणे असू शकतात. काहींना गुदद्वारात अकस्मात तीव्र पेटका येतो आणि काही सेकंदांत किंवा मिनिटांत ओसरतो. इतरांना अर्धा तास ते कित्येक तास टिकणारा बोथट ठणका जाणवतो.

प्युडेंडल मज्जातंतू अडकल्यामुळे होणारी वेदना ओळखण्यासाठी फ्रान्समधील नान्त शहरातील तज्ज्ञांच्या पुढाकाराने २००८ मध्ये पाच निकष प्रसिद्ध करण्यात आले. वेदना या मज्जातंतूच्याच क्षेत्रात असावी, बसल्याने ती वाढावी, तिच्यामुळे रात्री झोपेतून जाग येत नसावी, तपासणीत त्या भागाची संवेदना गेल्याचे आढळू नये आणि मज्जातंतूजवळ बधिर करणारे इंजेक्शन दिल्यास वेदना थांबावी, असे ते निकष आहेत. त्यांचा उपयोग डॉक्टरांनी करावयाचा असला, तरी एक गोष्ट सामान्य माणसालाही उपयोगी पडते. बसल्यावर वाढणारी आणि उभे राहिल्यावर किंवा आडवे झाल्यावर उतरणारी वेदना असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. एवढ्या एका वाक्याने निदानाची दिशा बदलू शकते.

वर्षे खाणाऱ्या वाटा

योग्य निदान होण्यापूर्वी रुग्ण बहुधा चार वाटांनी भटकतो.

पहिली वाट प्रतिजैविकांची. जळजळ होते म्हणून ‘उन्हाळी लागली’ असे समजून प्रथम घरगुती उपाय होतात आणि नंतर लघवीत जंतू नसतानाही प्रतिजैविके पुन्हा पुन्हा घेतली जातात. पुरुषांमध्ये या दुखण्याला ‘प्रोस्टेटची सूज’ असे नाव मिळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने केलेल्या वर्गीकरणानुसार अशा दीर्घकालीन तक्रारींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक तक्रारींमध्ये जंतुसंसर्ग सिद्ध होत नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील एका अभ्यासात दीर्घकाळ त्रास असलेल्या १९६ पुरुषांना सहा आठवडे औषधे देण्यात आली. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक निव्वळ दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरले नाही. आपल्याकडे आणखी एक धोका आहे. या गटातील प्रतिजैविके क्षयरोगाच्या जंतूंवरही अंशतः परिणाम करतात. त्यामुळे जननेंद्रियांचा किंवा मूत्रमार्गाचा क्षयरोग असल्यास तो झाकला जाऊन निदान लांबते.

दुसरी वाट मूळव्याधीची आणि ‘मणक्यातील गॅप’ची. गुदद्वाराशी दुखते म्हणजे मूळव्याधच, असा समज घट्ट आहे. मूळव्याधीची किंवा कण्याची किरकोळ विकृती पुष्कळ निरोगी माणसांतही आढळते. ती चित्रात दिसली म्हणून वेदनेचे कारण तीच, असे ठरत नाही. तशा समजुतीने केलेली शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही दुखणे कायम राहू शकते.

तिसरी वाट स्त्रियांच्या वाट्याला येते. ओटीपोटात दुखते, अंगावरून पांढरे जाते, अशा तक्रारीवर ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला ग्रामीण भागात ऐकू येतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यापुढे आला. त्या वेळी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. या साऱ्या स्त्रियांना मज्जातंतूचे दुखणे होते असे मुळीच नव्हे. त्यांच्या प्रश्नाची मुळे मजुरी, अतिश्रम आणि आरोग्यसेवेची उणीव यांतही होती. परंतु वेदनेचे कारण नीट न शोधता अवयव काढण्याची किंमत किती मोठी असते, हे या आकड्यांवरून उमगते. स्नायू किंवा मज्जातंतू दुखत असेल तर गर्भाशय काढल्याने ती वेदना जात नाही. अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासाठी केंद्र शासनाने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी अमलात आणावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी दिला आहे.

चौथी वाट पुरुषांची, आणि ती भिंतींवर रंगविलेली असते. ‘गुप्तरोगावर हमखास इलाज’ अशा जाहिराती संकोची माणसाला जाळ्यात ओढतात. लैंगिक दुर्बलतेसारख्या विकारांवर हमखास उपायाचा दावा करणाऱ्या जाहिरातींना औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये प्रतिबंध आहे. अशा जाहिराती गावाच्या वेशीवर दिसल्यास पंचायतीने त्यांकडे काणाडोळा करू नये.

आधी धोक्याच्या खुणा

स्नायूंचे व मज्जातंतूचे दुखणे जिवावर बेतणारे नसते. परंतु तसे निदान करण्यापूर्वी गंभीर कारणे वगळणे आवश्यक असते. लघवी अकस्मात अडणे किंवा तिच्यावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतील बाजू व गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर होणे, पायांतील शक्ती कमी होणे, ही कण्याच्या खालच्या मज्जातंतूंवर दाब आल्याची लक्षणे असू शकतात. अशा रुग्णास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. तरुण मुलाच्या अंडकोशात अचानक तीव्र वेदना उठल्यास तेथील रक्तवाहिन्यांना पीळ पडलेला असू शकतो, आणि अवयव वाचविण्यासाठी हाती केवळ काही तासच असतात. लघवीतून किंवा शौचावाटे रक्त जाणे, मासिक पाळी बंद झाल्यानंतर रक्तस्राव होणे, ताप येणे, वजन घटणे, वेदनेमुळे रात्री जाग येणे, या खुणा असतील तर तपासणीस विलंब करू नये. स्त्रियांमध्ये गर्भाशयाचे अस्तर बाहेर वाढण्याचा एंडोमेट्रिओसिस हा विकारही लक्षात घ्यावा लागतो. पाळीच्या वेळी असह्य वेदना ही त्याची प्रमुख खूण होय.

ही कारणे वगळल्यावर स्नायूंची तपासणी महत्त्वाची ठरते. श्रोणीच्या तळाचे स्नायू गुदद्वारातून किंवा योनिमार्गातून बोटाने तपासता येतात. आखडलेल्या स्नायूवर हलका दाब देताच रुग्णाची नेहमीची वेदना जागी होते. ही तपासणी रुग्णाला आधी समजावून, त्याची संमती घेऊन आणि हवी असल्यास विश्वासातील व्यक्ती उपस्थित ठेवून करावयाची असते. स्त्री रुग्णाची तपासणी स्त्री परिचारिकेच्या उपस्थितीत व्हावी, ही अपेक्षा रास्त आहे. नको वाटल्यास तपासणी थांबविण्याचा अधिकार रुग्णास आहे.

उपचारांचा क्रम

या दुखण्यावर एकच एक रामबाण औषध नाही. पायरीपायरीने आणि एकाच वेळी अनेक अंगांनी उपचार करावे लागतात.

पहिली पायरी सवयींची. बसण्याचा अखंड कालावधी कमी करावा आणि दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. टॉवेलच्या दोन जाड घड्या बैठकीच्या दोन हाडांखाली ठेवून मधला भाग मोकळा राहील असे बसल्यास दुखऱ्या जागेवरील भार कमी होतो. सायकल व मोटारसायकल काही काळ वर्ज्य करावी. भाज्या, फळे, कडधान्ये व पुरेसे पाणी घेऊन शौच मऊ राहील असे पाहावे आणि कुंथू नये. सोसवेल इतक्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे कटिस्नान घेतल्याने स्नायू सैल होण्यास मदत होते.

दुसरी पायरी भौतिकोपचाराची. सर्व उपचारांत हा महत्त्वाचा होय. येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे जरूर आहे. ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम म्हटले की ते स्नायू आवळण्याचे व्यायाम पुढे येतात. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये ते प्रचारात आणले, आणि स्नायू दुर्बल होऊन लघवी गळत असेल तर ते हितकारक आहेत. आधीच आखडलेले स्नायू आणखी आवळल्यास वेदना मात्र वाढू शकते. योगाभ्यासातील मूलबंध आणि अश्विनी मुद्रा यांनाही हीच सूचना लागू आहे. या रुग्णांना शिकावयाचे असते ते सोडणे. श्वास घेताना पोट सावकाश फुगू द्यावे आणि त्याबरोबर श्रोणीचा तळ खाली सैल होतो आहे याकडे लक्ष द्यावे. हा साधा श्वसनाभ्यास दिवसातून दोन-तीन वेळा आडवे पडून करता येतो. प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञ त्याशिवाय दुखऱ्या जागा हाताने मोकळ्या करतात, मांड्या व कुल्ल्यांचे ताण शिकवितात आणि स्नायू आवळला की सैल झाला हे रुग्णाला यंत्राच्या साहाय्याने दाखवून देतात. या पद्धतीस बायोफीडबॅक म्हणतात.

या उपचारांचे गुण मोजून पाहिलेले आहेत. गुदद्वाराजवळचा स्नायू आखडल्याने होणाऱ्या वेदनेच्या १५७ रुग्णांवरील अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. स्नायू दाबल्यावर ज्यांना दुखत होते अशा रुग्णांपैकी बायोफीडबॅकने ८७ टक्के, विद्युत्‌ उत्तेजनाने ४५ टक्के आणि मालिशने २२ टक्के रुग्णांना समाधानकारक आराम मिळाला. मूत्राशयाच्या जुनाट वेदनेने त्रस्त अशा ८१ स्त्रियांवरील २०१२ च्या अमेरिकेतील अभ्यासात श्रोणीच्या स्नायूंवरील विशेष भौतिकोपचाराने ५९ टक्के स्त्रियांना सुधारणा जाणवली. सर्वसाधारण मालिश घेणाऱ्यांत हे प्रमाण २६ टक्के होते.

तिसरी पायरी औषधांची. मज्जातंतूच्या वेदनेसाठी डॉक्टर अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलॉक्सेटिन यांसारखी औषधे देतात. ही मूळची नैराश्यावरील औषधे आहेत. चिठ्ठीवर ते वाचून ‘मला वेडा ठरविले’ असा ग्रह करून घेऊन रुग्ण ती फेकून देतो, असे घडू शकते. वस्तुतः वेदनेचे संदेश मंद करण्याचा त्यांचा गुण वेगळा आहे, आणि अमिट्रिप्टिलिन तर त्यासाठी कमी मात्रेत दिले जाते. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू व बंद करावीत. प्रत्येक औषध प्रत्येकाला लागू पडतेच असेही नाही. स्पष्ट कारण न सापडलेल्या ओटीपोटाच्या जुनाट वेदनेच्या ३०६ स्त्रियांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गॅबापेन्टिन हे औषध दिखाऊ गोळीपेक्षा प्रभावी ठरले नाही, दुष्परिणाम मात्र अधिक आढळले.

चौथी पायरी इंजेक्शनाची. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या मार्गदर्शनाखाली मज्जातंतूजवळ बधिर करणारे औषध देतात. त्याने निदान पक्के होण्यास मदत होते आणि काहींना काही काळ आरामही मिळतो.

अखेरची पायरी शस्त्रक्रियेची. निकषांनुसार मज्जातंतू अडकल्याचे निदान झाले आणि अन्य उपचार अपुरे पडले, तरच मज्जातंतू मोकळा करण्याची शस्त्रक्रिया विचारात घेतली जाते. नान्त येथील २००५ च्या ३२ रुग्णांच्या अभ्यासात वर्षअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७१.४ टक्के आणि न झालेल्यांपैकी १३.३ टक्के रुग्णांना सुधारणा जाणवली. ही संख्या लहान आहे, रुग्ण काटेकोरपणे निवडलेले होते आणि शस्त्रक्रिया करणारे हात अनुभवी होते, हे ध्यानात ठेवूनच या आकड्यांकडे पाहावे.

या सर्व काळात मनाला आधार देणे हाही उपचाराचा भाग आहे. सततची वेदना माणसाला एकाकी करते आणि काहींच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचारही येतात. मानसिक आरोग्यासाठी केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. तो विनामूल्य आहे.

कोठे आणि कसे जावे

ग्रामीण रुग्णाची पहिली पायरी म्हणजे उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी. ई-संजीवनी या दूरसेवेद्वारे तेथून तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. पुढील तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय व जिल्हा रुग्णालय अशी साखळी आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत स्त्रीरोग, मूत्ररोग, बधिरीकरण व भौतिकोपचार हे विभाग एकाच आवारात असतात, आणि या दुखण्याला नेमकी अशाच एकत्रित विचाराची गरज असते. भौतिकोपचाराच्या शिक्षणाची देशातील सुरुवातच १९५० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात झाली, हा वारसा महाराष्ट्राच्या गाठीशी आहे. श्रोणीच्या स्नायूंचे प्रशिक्षण घेतलेले तज्ज्ञ आज मुख्यतः मोठ्या शहरांत आढळतात. म्हणून भौतिकोपचार विभागात गेल्यावर ‘या स्नायूंचे उपचार येथे होतात का’ असे स्पष्टपणे विचारावे.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन आठवड्यांची नोंद एका वहीत करावी. वेदना कोठे होते, केव्हा वाढते, किती वेळ बसता येते, शौच, लघवी, पाळी व शरीरसंबंध यांच्याशी तिचा काही संबंध दिसतो का आणि आजवर कोणती औषधे घेतली, एवढे लिहिले तरी पुरे. जे तोंडाने बोलवत नाही ते कागदावर लिहिता येते, आणि दोन-चार मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांनाही त्याचा उपयोग होतो. जुने सर्व कागद एका पिशवीत क्रमाने लावून न्यावेत, म्हणजे त्याच त्या तपासण्या व औषधे पुन्हा होत नाहीत.

पंचायत, शाळा आणि कार्यालय

ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत हा विषय एकदा तरी निघावा. आशा कार्यकर्तीला या दुखण्याची लक्षणे ठाऊक असतील, तर ‘पिशवी काढा’ हा सल्ला मिळालेल्या स्त्रीला शस्त्रक्रियेपूर्वी शासकीय रुग्णालयात दुसरे मत घेण्यास ती सांगू शकेल. पुरुषांसाठी आरोग्यसेवक किंवा विश्वासू शिक्षक हेच काम करू शकतो.

शाळेतील संबंध आणखी खोलवरचा आहे. लघवी तासन् तास दाबून धरण्याची सवय लागलेल्या मुलामुलींत श्रोणीचे स्नायू वेळेवर सैल न होण्याचा दोष निर्माण होऊ शकतो. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने मुलांसाठी व मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे बंधनकारक केली आहेत. ती बांधलेली असणे पुरेसे नाही. त्यांत पाणी असावे, दाराला आतून कडी असावी आणि वर्गातून उठून जाण्यास मुलांना आडकाठी नसावी. शिक्षकाच्या नुसत्या मानेच्या होकाराने हे साधणारे आहे.

कार्यालयप्रमुखांकडूनही फार मोठी अपेक्षा नाही. बसण्याचा त्रास असलेल्या कर्मचाऱ्यास अधूनमधून उभ्याने काम करू द्यावे, बैठकीत मागे उभे राहण्याची मुभा द्यावी आणि त्याचे कारण चारचौघांत विचारू नये. वैद्यकीय प्रमाणपत्रातील मजकूर कार्यालयात चर्चेचा विषय होणार नाही, याची दक्षता घ्यावी. घरातही पती-पत्नीने एकमेकांच्या अशा तक्रारीकडे टाळाटाळ किंवा बहाणा म्हणून पाहू नये. ही वेदना खरी असते आणि जोडीदाराची समजूत उपचारांना साहाय्य करते.

दुखणे जितके जुने, तितका ते सुटण्यास लागणारा काळ अधिक. उपचार सुरू झाल्यावर गुण येण्यास आठवडे नव्हे तर महिनेही लागू शकतात, आणि मध्येच वेदना उसळल्यास उपचार फसले असे समजण्याचे कारण नाही. किती वेळ बसता आले, किती तास झोप लागली, किती दिवस कामावर जाता आले, या मोजमापांनी प्रगती पाहावी. तीन महिन्यांहून अधिक काळ अशा जागी दुखत असेल, तर संकोच बाजूला ठेवून नजीकच्या आरोग्य केंद्रात जावे आणि दुखणे नेमक्या शब्दांत सांगावे. ते सांगण्याचे धैर्य रुग्णाला यावे असे वातावरण गावात, शाळेत आणि कार्यालयात निर्माण करणे, हे त्या त्या ठिकाणच्या जबाबदार व्यक्तींचे काम आहे.